काळी एकचा ब्लूज

दादाने माउथ ऑर्गन बहिणीच्या टेबलावर ठेवला आणि समोरच्या स्टुलावर न बसता भिंतीला टेकून उभा राहिला. तिचं दुरुस्तीचं दुकान पहिल्याच मजल्यावर होतं, जिना काही फार मोठा नाही. तरी त्याने आधी शर्टाचं वरचं बटण सोडलं.

“फुंकीच्या पत्त्या उतरल्यात,” मग म्हणाला. “उद्या सकाळी निघतोय, मिस्त्रीणबाई. वर डोंगरात आठवडाभर कार्यक्रम आहेत. आज एवढं करून दे.”

“वर हवा विरळ असते म्हणे.”

“असते. पण तिकिटं संपलीत, त्याचं काय करू?”

ती हसली आणि स्क्रू सोडवायला लागली. असल्या माउथ ऑर्गनला बाजूला एक कळ असते, ती दाबली की सूर अर्ध्याने चढतो. आतल्या पितळी पत्त्यांपैकी काही फुंकल्यावर वाजतात, काही श्वास आत ओढल्यावर. ब्लूज म्हणजे दुःख आळवणारं विलायती संगीत, ते वाजवणारे सहसा पांढरी दोनच्या पट्टीत वाजवतात, कारण तिथे मुख्य सूर ओढीचे आणि सूर रडवायला ओढच लागते. दादानेही जन्मभर तेच केलं. मग मध्येच त्याच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, त्याने काळी एक धरली. कळ दाबूनच ठेवायची, क्षणभर सोडून कोमल गंधार, लगेच दाबून शुद्ध. या पट्टीत ब्लूजच्या वाटेला कोण जातंय! ऐकणारे वेडे झाले. पेपरात छापून आलं. तीही गिऱ्हाइकांना सांगत सुटली होती की धाडस बघावं तर आमच्या दादाचं.

झाकण काढलं की आधी ओढीच्या पत्त्या दिसतात. त्या कालच दुकानातून आणल्यासारख्या लखलखीत होत्या. तिला नवल वाटलं. तिच्या खणातल्या डबीत दादाच्या तुटक्या पत्त्या होत्या, एकजात ओढीच्या. तो ओढायचाच तसा, पत्तीचा जीव जाईपर्यंत. तिने पत्रा सोडवून उलटा केला. आतल्या फुंकीच्या पत्त्या पार थकल्या होत्या, एकीच्या मुळाशी चीर गेली होती.

तिने मनातल्या मनात काळी एक वाजवून पाहिली. षड्ज फुंकीचा. दोन्ही गंधार फुंकीचे. पंचमही. ओढायचे म्हटले तर मध्यम आणि कोमल निषाद, बस. तिने पत्रा पुन्हा उलटून त्या लखलखीत ओढीच्या पत्त्यांकडे पाहिलं.

“डॉक्टरकडे गेला होतास?” मान वर न करता तिने विचारलं.

“गेलो होतो. नळीत फुंकायला लावलं. म्हणाला, फुंकता झकास.”

“आणि ओढायला लावलं तेव्हा?”

“तू पत्त्या बघ.”

“वहिनीला माहीत आहे?”

“तिला संगीतातलं काय कळतंय,” तो म्हणाला आणि हसायला गेला. ते हसू खोकल्यात गेलं. भिंतीवरचा हात त्याने काढला नाही.

तिने पत्त्या घासल्या, चिरलेली बदलली, सूर जुळवले. हात आपलं काम करत होते, मन काही तिथे नव्हतं. सगळं बंद करून तिने माउथ ऑर्गन त्याच्या हातात दिला.

“वाजव.”

त्याने काळी एक लावली. वाजवणं सुंदरच होतं, त्यात वाद नाही. मध्यम नुसता चाटून गेला. कोमल निषादाची जागा आली तिथे डोळे मिटून थांबला, मग खालून षड्जावर आला. याच थांब्याला लोक ‘हाय’ करून दाद द्यायचे. तिनेही केलं होतं, पहिल्या रांगेत बसून.

“निषाद घे.”

“तिथे मी मुद्दाम मोकळी जागा ठेवतो. पेपरवाल्याने त्यावरच अर्धा रकाना लिहिलाय.”

“घे, दादा.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी तिची खोडी काढून पळायच्या आधी पाहायचा, तसंच. मग ओठ लावले आणि कळ सोडली. खांदे वर गेले, मानेच्या शिरा ताणल्या. सूर आला, दोऱ्याएवढा बारीक. थरथरला आणि तुटला. नंतर फक्त त्याच्या छातीचा आवाज येत राहिला.

“ही पत्ती गेलीय,” तो म्हणाला. “हीपण बदलून टाक.”

तिने पुन्हा झाकण उघडलं आणि ती पत्ती नखाने छेडली. खोलीत कोमल निषाद उमटला, बारीक पण स्वच्छ.

“हिला काही झालेलं नाही.”

दादाने स्टूल पुढे घेतलं आणि बसला. पत्ती शांत होईपर्यंत ऐकत राहिला.

“मग झाकण लाव,” म्हणाला. “गाडी लवकरची आहे.”

स्क्रू तिच्या मुठीत होते. त्याने तळहात पुढे केला. तिने मूठ उघडली नाही.