अर्ध्या मात्रेचा उशीर

“परत पुढे पळालीस!” बाबांनी कीबोर्डवरचे हात उचलले. “तुला लहानपणापासून घाई.”

मुलीने व्हायोलिन खांद्यावरून उतरवलं. एरवी ती चिडली असती. आज शांतपणे म्हणाली, “मी पळत नाही, बाबा. हा लॅपटॉप मागे पडतोय.”

बाबांनी जन्मभर पियानो शिकवला होता. कान दगा देऊ लागल्यापासून त्यांचा कीबोर्ड लॅपटॉपला जोडलेला असे, आणि सूर मोठा होऊन बिनतारी हेडफोनमधून कानावर येई.

“यातलं ब्लूटूथ जुनं आहे,” ती म्हणाली. “तुम्ही पट्टी दाबता, पण सूर कानाशी उशिरा पोचतो. म्हणून मी पुढे गेल्यासारखी वाटते.”

बाबांना ते लगेच पटलं. यंत्राची चूक त्यांना पटकन पटायची.

दुपारी दोघं दुकानात गेली.

“नव्या ब्लूटूथमध्ये हा उशीर बराच कमी होतो,” दुकानदार सांगू लागला. “बॅटरीही कमी खातं. फक्त हेडफोनही त्याच पद्धतीचा हवा, नाहीतर नुसता नवा लॅपटॉप घेऊन काय उपयोग? आणि खरं सांगू का, उशीर अजिबातच नको असेल, तर साधी वायर...”

“वायर नको,” मुलगी मध्येच म्हणाली. “त्यांच्या पायात येते.”

“बघा,” बाबा हसले, “इथेही घाई!”

संध्याकाळी नवा लॅपटॉप आणि नवा हेडफोन सुरू झाले. दोघांनी तीच रचना घेतली, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ती न थांबता शेवटापर्यंत गेली. अखेरचा सूर दोघांचा एकदमच पडला.

बाबांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

“म्हणजे तुझं बरोबर होतं. आणि मी तुला जावयांसमोर बेताल म्हणालो.”

“जाऊ द्या, बाबा.”

“जाऊ काय द्या? लहानपणी तर लॅपटॉपही नव्हता. तेव्हाही ओरडायचोच. तू कार्यक्रम करायचे सोडलेस, ते माझ्यामुळेच ना? चुकलंच माझं, बाळा.”

हे ऐकण्याची तिने अर्धं आयुष्य वाट पाहिली होती. आता मात्र तिला ते ऐकवेना.

“चहा टाकते,” म्हणून ती आत गेली.

स्वयंपाकघरात तिचा मोठा भाऊ उभा होता. त्याने दार ओढून घेतलं.

“त्यांच्या बोटांबद्दल डॉक्टर काय म्हणाले, ते सांगितलंस त्यांना?”

“नाही.”

“मग आज ताल कसा जमला? लॅपटॉपमुळे?”

तिने गॅस पेटवला. ज्योतीकडे बघतच म्हणाली, “त्यांच्या बोटांकडे बघून वाजवलं, दादा. ती जेवढी मागे पडली, तेवढी मीही पडले.”