वाऱ्याचा रकाना

अरे ऐका तर! आमचे ऑर्विलमामा गॅरेजमध्ये टेबल मांडून रिकाम्या काडतुसांत स्वतःच दारू भरतात. यंदा शिकारीत एल्क हरीण पडलं नाही तर ते टेबल बाहेर फेकीन, असं डेलामामीनं बजावलेलं! म्हणून मी मामांना नोंदींचं ॲप बनवून दिलं. दारू किती, गोळी कोणती, नेम लागला का. सगळीकडे 'हुकला'!

मामा म्हणाले, "लेका, वाऱ्याचा पण रकाना टाक की."

टाकला. मग काय, नोंदीत रोजच वादळ!

हंगामाच्या शेवटच्या दिवशी मामीही सोबत गेली. मामांचा नेम हुकला आणि त्याच काडतुसांनी मामीनं एल्क पाडलं! घरी येऊन तिनं ॲप उघडलं.

"ऑर्विल, आज पण वादळच होतं म्हणे! काडतुसं झकास आहेत तुझी, टेबल राहू दे. पुढच्या वर्षी तू फक्त भर."