बाल्कनीची खोली

"उठवू नकोस तिला. उठली की गरम करून दे. आणि तूप वरून घाल, कंजुषी करू नकोस."

प्रेमलाकाकूंनी पुरणपोळ्यांचा डबा अपेक्षाच्या हातात ठेवला आणि त्या जिना उतरून आपल्या घरात गेल्या. डबा श्रद्धासाठी होता. मागच्या आठवड्यातला शिराही श्रद्धासाठीच होता. घरमालकिणीच्या लेखी वरच्या मजल्यावर एकच मुलगी राहत होती. दुसरी नुसती दार उघडायला ठेवलेली.

अपेक्षाचा जळफळाट व्हायचा. सदाशिव पेठेतली ही जागा शोधली होती तिने. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाचं सगळं सांभाळून, सायकलवर फिरून, निम्म्या पेठेचे टोमणे ऐकून. वडिलांच्या पगारात भाडं बसेना, म्हणून वर्ध्याच्या शाळेतल्या मैत्रिणीला तिनेच बोलावून घेतलं होतं. शाळेत श्रद्धा तिच्या वह्या उतरवून पास व्हायची. आता ती कॉल सेंटरमध्ये रात्रभर अमेरिकेशी बोलायची, पहाटे कंपनीच्या सुमोतून उतरायची आणि भाड्याचा मोठा वाटा उचलायची. म्हणून बाल्कनीची खोली तिची. अपेक्षाला आतली, जिच्यात पुस्तकं पलंगाखाली ठेवावी लागत. साधा कॉलेजचा पांढरा एप्रन वाळत घालायचा तरी श्रद्धाच्या बाल्कनीत जायचं.

तेही तिने सोसलं असतं. पण काकूंची माया? "किती गं जागरणं तुला," असं त्या श्रद्धाला म्हणत. अपेक्षाला म्हणत, "दार हळू लाव. आत माणूस झोपलेलं असतं." पैसा असला की मायासुद्धा मिळते, असं अपेक्षाने ठरवून टाकलं होतं. श्रद्धालाही गरजेपुरती तिची आठवण व्हायची. "आईचा गुडघा दुखतोय, काय घ्यायला सांगू?" असं विचारायची. अपेक्षा सांगायची आणि मनातल्या मनात धुसफुसायची.

खरं तर जागा देतानाच काकूंनी बजावलं होतं. "रात्री-अपरात्री येणाऱ्या मुली मला नकोत. डॉक्टर असेल तर गोष्ट वेगळी." जागा हातची जाईल या भीतीने अपेक्षा मोघम बोलली होती, "आमच्यातली एक मेडिकलला आहे. दुसरी एका कंपनीत फोनवर असते." किल्ली मिळाली. पुढे काकूंनी श्रद्धाच्या पहाटे येण्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, याचंही अपेक्षाला वाईट वाटत होतं.

डबा ओट्यावर ठेवून तिने पुस्तक उघडलं, तोच जिन्यावर धावती पावलं वाजली. काकू परत आल्या होत्या. पदर खांद्यावरून घसरला होता.

"श्रद्धाला उठव. ह्यांच्या छातीत दुखतंय."

"चला, मी बघते."

"तू काय बघणार? फोनवर बोलायचं नाहीये तिथे. डॉक्टरला उठव म्हणतेय ना."

अपेक्षा जागच्या जागी उभी राहिली. श्रद्धाच्या बाल्कनीत वाळणारा एप्रन काकू रोज अंगणातून बघत होत्या. पहाटेची गाडी, रात्रीची ड्यूटी. आणि तो गुडघा श्रद्धाच्या आईचा नव्हताच, काकूंचा होता. शिरा, पुरणपोळ्या, माया, सगळं अपेक्षाचं होतं. दुसरीच्या पानात वाढलं गेलं होतं.

श्रद्धा दारात आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. अपेक्षाने एक वाक्य बोलायचा अवकाश, संध्याकाळी श्रद्धाचं सामान रस्त्यावर आलं असतं.

पण खाली काकूंचे यजमान रावसाहेब होते. अपेक्षाने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली आणि ती धावत सुटली. तिने रावसाहेबांना टेकवून बसवलं, अ‍ॅस्पिरिनची गोळी चावायला लावली, नाडी बघत बघत श्रद्धाला रिक्षा आणायला पिटाळलं आणि त्यांना जवळच्या हॉस्पिटलात नेलं.

संध्याकाळी काकू एकट्याच परत आल्या. रावसाहेबांचा धोका टळला होता. काकू वर आल्या तेव्हा श्रद्धा आपल्या खोलीत होती, भरलेल्या बॅगेशेजारी. दार उघडलं अपेक्षाने. काकूंनी पहिल्यांदाच तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"वेळेवर गोळी दिली म्हणून वाचले, म्हणाले तिथले डॉक्टर."

शब्द अपेक्षाच्या ओठांवर आले होते. काकू, डॉक्टर मी होतेय. एवढं बोललं की हा हात कायमचा तिचा झाला असता. आणि श्रद्धा गेली असती. मग तिच्या वाट्याचं भाडं कोण भरणार? परीक्षा तोंडावर आलेली असताना पुन्हा सायकल, पुन्हा टोमणे, आणि शेवटी शहराबाहेरची एखादी खोली.

"मी बघत होते हो सगळं," काकू म्हणाल्या. "श्रद्धाने कशाला हात लावला नाही. मोठे डॉक्टर असेच असतात. स्वतः उभे राहतात, काम दुसऱ्याकडून करून घेतात. पण तूही काही कमी नाहीस. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला."

दुपारी आपण एका माणसाला वाचवलं, याचासुद्धा मान श्रद्धाच्या खोलीत जाऊन बसला होता. इतका हेवा तिला आजवर कधी वाटला नव्हता.

"हो काकू," ती म्हणाली. "तिच्याकडूनच शिकले."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एप्रन धुतला, घट्ट पिळला आणि श्रद्धाच्या बाल्कनीत वाळत घातला, खालून काकूंना नीट दिसेल असा.