अँडच्या पुढचं नाव

"एकच नाव काहून आलं?" चंद्रकलानं मोबाइल टेबलावर आपटला. "मी दोन नावं लिवली होती. दोन!"

तुमसरच्या त्या कॉलेजची वेबसाइट प्रफुल्ल सांभाळायचा. तक्रारीचं पानही त्यानंच बनवलं होतं. त्यानं खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

प्रकरण कॉलेजभर गाजलं होतं. बस स्टँडमागे रीनाची ओढणी ओढली गेली, त्याचा व्हिडिओ निघाला आणि सगळ्यांच्या फोनवर फिरला. व्हिडिओत धर्मेंद्र दिसत होता. काढणारा दिसत नव्हता. तक्रारीतही एकट्या धर्मेंद्रचं नाव निघालं, म्हणून कॉलेजनं त्याला काढलं आणि विषय मिटवला.

"पोरीनं कॉलेज सोडलं, धड जेवत नाही," चंद्रकलाचा आवाज चढला. "अन् तो दुसरा रोज केस विंचरून, डबा घेऊन येऊन राहिला इथं!"

"व्हिडिओ काढणारा कोण, हे तुमाले कसं माहीत, काकू?"

"हसून राहिला तो त्याच्यात. आवाज ओळखू येते मले."

प्रफुल्लनं जुनी नोंद उघडली. बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं. मग कपाळाला हात लावला.

"तुमी दोन नावांच्या मधात अँडचं चिन्ह टाकलं होतं. हे, &. आमच्या पानावरची माहिती लिंकमधून जाते. लिंकमध्ये या चिन्हाचा अर्थ, एक रकाना संपला, दुसरा सुरू. त्याच्या जागी %26 असा कोड जायले पाहिजे होता. मी ते केलंच नाही. म्हणून पुढचं नाव उडालं."

"उडालं म्हणते!" तिनं टेबलावर हात मारला. "पोट्टा मोकळा फिरून राहिला, अन् तू मले चिन्ह सांगतं?"

शेजारच्या खोलीतले कारकून दारात येऊन उभे राहिले. प्रफुल्ल मान खाली घालून कोड दुरुस्त करत राहिला. झाल्यावर त्यानं नवा अर्ज उघडला, पण टाइप करेना.

"राग मानू नका, काकू. एकाले सजा झाली ना? आता परत काढलं तर तुमच्याच पोरीची बदनामी होईल."

चंद्रकला दाराकडे वळली. मग दारातल्या कारकुनांनाही ऐकू जाईल अशी म्हणाली,

"बदनामी पोरीची कायले होईल? ओढणी तिनं ओढली का? व्हिडिओ तिनं काढला का? लिव तू."

"दुसरं नाव?"

"प्रितम."

त्यानं मुद्दाम मधे तेच चिन्ह टाकलं आणि एकदा पाठवून पाहिलं. या वेळी दोन्ही नावं शाबूत आली. चंद्रकलानं वाकून ती स्वतः वाचली. पदरानं तोंड पुसलं.

"आता बाकीचं भरून पक्की तक्रार टाकतो," प्रफुल्ल म्हणाला. "हा एक रकाना रिकामा सोडतो. आरोपीशी नातं असंन तरच भरा लागते."

"सोडू नको," चंद्रकला म्हणाली. "लिव. रीनाची नाही, मी प्रितमची माय."