बानित्सातल्या सहा चिठ्ठ्या

चौथ्या दिवशी गाल्या आत्याचे खेळ संपले.

पहिल्या दिवशी लपाछपी झाली आणि डबाभर बटणं रंगांप्रमाणे निवडून झाली. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या घेवड्यातून काळा घेवडा वेगळा केला. पोरं झोपल्यावर आत्यानं तो पुन्हा एकत्र मिसळून ठेवला, म्हणून तिसरा दिवसही निभावला. बाहेर बर्फ खिडकीच्या अर्ध्यापर्यंत चढला होता. सहा वर्षांची याना आणि चार वर्षांचा रूसी चुलीजवळ बसून आत्याच्या तोंडाकडे बघत होते. आत्या आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघत होती.

दारापलीकडे मुलांची आई नेव्याना बॅग भरत होती. एक बॅग भरायला कुणाला चार दिवस लागत नाहीत. पण ती दोन स्वेटर ठेवायची, एक काढायची आणि पलंगावर बसून रडायची. तिच्या नवऱ्याची, किरोची, दगडखाण बंद पडून वर्ष झालं होतं. तिला इटलीत एका म्हातारीला सांभाळायचं काम मिळालं होतं. परवा पहाटे सहाची बस. मुलांना काही कळू द्यायचं नाही, ती झोपेत असतानाच निघायचं, असं ठरलं होतं. ठरवलं होतं अर्थात आत्यानं.

"रडारड झाली तर तुझा पाय निघेल का?" ती भावजयीला म्हणाली होती. "सकाळी मी सांगेन त्यांना काहीतरी. पोरं आठ दिवसांत विसरतात."

नेव्यानाला ते पटलं नव्हतं. पण मुलांच्या डोळ्यांत बघून सांगायची हिंमत तिच्यात नव्हती, आणि त्याची तिला मनापासून लाज वाटत होती. म्हणून पोरांना गुंतवून ठेवायला आत्याला बोलावलं होतं.

आत्या तशी कुणाला हार जाणारी नव्हती. सगळा गाव तिच्या जिभेला वचकून असायचा. पण या दोघांनी तिच्या तोंडाला फेस आणला. एक खेळ संपतो न संपतो तोच याना विचारायची, "आता पुढे काय, आत्या?" आत्या जरा पाय मोकळे करायला उठली की रूसी तिच्या गुडघ्याला मिठी मारायचा.

"जळवा आहात नुसत्या!" आत्या म्हणायची आणि परत खाली बसायची.

मग तिला चिठ्ठ्या सुचल्या. वर्षाचा शेवटचा दिवस होता, संध्याकाळी पातळ पोळ्यांच्या थरांत चीज भरलेली बानित्सा भाजायचीच होती. तिच्या प्रत्येक तुकड्यात एक चिठ्ठी. आरोग्य, लग्न, नवं घर, प्रवास. ज्याला जी येईल ते त्याचं वर्षाचं नशीब. दरवर्षी चिठ्ठ्या आत्याच लिहायची.

"यंदा तुम्ही करा," ती म्हणाली. "लिहिता येत नाही ना? मग चित्रं काढा. आपण पाच जण आणि एक तुकडा घराच्या नावाचा, म्हणजे सहा. मी बघणार नाही. आधी बघितलं की नशीब नासतं."

दोघं दीड तास टेबलाखाली होते. आत्या चार दिवसांत पहिल्यांदा कॉफी गरम असताना प्यायली. नंतर तिनं घडी घातलेल्या चिठ्ठ्या न उघडता चांदीच्या कागदात गुंडाळल्या आणि बानित्साच्या थरांत खोचल्या.

संध्याकाळी किरोनं तबक टेबलावर तीनदा गरकन फिरवलं. जो तुकडा ज्याच्यासमोर थांबला तो त्याचा.

किरोच्या चिठ्ठीत बॅग निघाली. चौकोन, वर मूठ, खाली दोन चाकं. तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. आत्याच्या चिठ्ठीतही बॅग होती. रूसीच्याही, यानाच्याही. किरोनं घराच्या तुकड्यातली चिठ्ठी उघडली, तर घरसुद्धा बॅग घेऊन निघालं होतं. नेव्यानानं आपली चिठ्ठी उघडलीच नाही.

"अगं कार्टे, सहा चिठ्ठ्या आणि एकच चित्र?" आत्या म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. "आरोग्य कुठंय? माझं लग्न कुठंय?"

"एकच बॅग काढली असती तर आई एकटीच गेली असती," याना म्हणाली. "आता चिठ्ठीत आलंय म्हटल्यावर तुलापण नाही म्हणता येणार, आत्या."

नेव्याना उठली. तिनं दोघांना जवळ ओढलं आणि चार दिवस लपवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. परवा जाणार. सहा महिन्यांनी येणार. सगळ्यांना नाही येता येणार.

"पण मी तुम्हाला उठवीन," ती म्हणाली. "कितीही पहाट असू दे. बसपर्यंत सोडायला यायचं दोघांनी."

"अगं, पण आपलं ठरलं होतं..." आत्यानं तोंड उघडलं.

"ताई, राहू दे," किरो म्हणाला.

रूसीनं भोकाड पसरलं. याना रडली नाही. नेव्यानानं तिचे केस मागे सारले आणि हळूच विचारलं, "तुला कधी कळलं गं?"

"पहिल्याच दिवशी. रूसी पलंगाखाली लपला होता ना, तिथेच होती बॅग."

"मग मला विचारलं का नाहीस?"

यानानं एकदा आत्याकडे बघून घेतलं आणि आईच्या कानाशी तोंड नेलं.

"तू दार लावून गुपचूप भरत होतीस. आत्याला कळलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून आम्ही चार दिवस तिला गुंतवून ठेवलं."