दासीचं एक वाक्य

सिनेमा सुरू होण्याआधीच ओर्सोलाने डोक्यावरचा काळा रुमाल दोन्ही कानांमागे सारला. खुर्ची तर तिने आल्याआल्याच ओढत नेऊन लाऊडस्पीकरच्या पायाशी ठेवली होती.

"अगं, तिथून काय दिसणार तुला? भुताच्या नाकपुड्या?" मागच्या ओळीतून ज्युदित्ता म्हणाली.

"मी बघायला नाही आले," ओर्सोला म्हणाली. "ऐकायला आलेय."

गेल्या वसंतात रोमची सिनेमावाली मंडळी गावच्या गढीत उतरली, तेव्हा लोकरीच्या गिरणीतल्या मुलींमधून त्यांनी ओर्सोलाच्या मुलीला, देल्फिनाला उचललं. काम दासीचं. एक वाक्य बोलायचं आणि मरायचं. पुढच्याच हिवाळ्यात छातीच्या तापाने ती खरोखरच गेली. घरात तिचे फोटो होते. पण हल्ली भांडी घासताना ओर्सोला तिचं बोलणं आठवू बघायची, तर शब्द यायचे आणि आवाज यायचा नाही.

रविवारची दुपार होती. चर्चच्या सभागृहाच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. फादर चेल्सो असले भुताखेतांचे सिनेमे गावात फिरकू देत नसत. पण ह्यात गढी आपल्याच गावची होती, तेव्हा त्यांनी माघार घेतली आणि मशीनवर मात्र स्वतः बसले. पडद्यावरच्या बाईसाहेबांचे खांदे उघडे पडले की ते भिंगापुढे पंजा धरायचे, आणि अंधारातून ओरडा व्हायचा, "फादर, हात काढा!"

धुकं आलं. वटवाघळं आली. गढीचा जिना आला, कोळिष्टकांनी भरलेला.

"खरी होती ती झाडून काढली आणि ही डिंकाची लावली," कुणीतरी माहिती पुरवली.

काळा झगा फडकावत उमराव आला आणि त्याने सुळे दाखवले.

"आपल्या गढीतल्या खऱ्या उमरावांना बिचाऱ्यांना पावसुद्धा दुधात बुडवून लागतो!" ज्युदित्ता म्हणाली आणि सगळे हसले.

मग दार करकरलं आणि हातात मेणबत्ती घेऊन देल्फिना आत आली. हसू जागच्या जागी विरलं. ओर्सोलाने मात्र पडद्याकडे पाहिलंच नाही. तिने डोळे मिटून घेतले आणि कान पुढे केला.

"बाईसाहेब, तळघरातली शवपेटी रिकामी आहे."

आवाज घंटीसारखा होता. नितळ, शिकलेला. देल्फिनाचा आवाज घोगरा होता, बारमाही सर्दी झाल्यासारखा.

ओर्सोला उठून उभी राहिली. "फादर, ही कोण बोलतेय?"

मशीन थांबलं. घोंगडी जरा सरकवून कुणीतरी उजेड केला.

"ओर्सोलाबाई," फादर चाचरत म्हणाले, "अहो, सगळ्याच सिनेमांत असं करतात. आधी नुसतं चित्र काढतात. आवाज मागाहून रोममध्ये भरतात. तिथलीच कुणी बाई असेल. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

"मला कोण सांगणार? हातात कलथा घेऊन घरभर हेच वाक्य घोकत फिरायची ती. मी ओरडायची, अगं, शवपेटी राहू दे, आधी बटाटे उतरव." तिने लाऊडस्पीकरकडे पाहिलं. "इतकं घोकलं पोरीने."

"चालू करा की आता," मागून एका पुरुषाचा आवाज आला.

"तू गप रे आर्तुरो," ज्युदित्ता कडाडली, "नाहीतर तुझाही आवाज काढून रोमला पाठवीन."

ओर्सोलाने रुमाल पुन्हा कानांवर ओढला. "त्या बाईला गप्प करा फादर. मला माझी मुलगी बघू द्या."

फादरांनी रीळ मागे घेतलं आणि आवाजाचं बटण बंद केलं.

आता नुसती मशीनची खरखर. देल्फिना पुन्हा दारातून आली. वाक्य बोलली. मागून उमरावाने येऊन तिची मान धरली, तिच्या गळ्यावरून काळं रक्त ओघळलं, आणि ती तोंड उघडून किंचाळू लागली.

पण ती किंचाळत नव्हती. मागांच्या खडखडाटात कुणाचंच कुणाला ऐकू जात नाही, म्हणून गिरणीतल्या बायका ओठांनी बोलतात. ओर्सोला उभा जन्म तशीच बोलली होती. देल्फिना तिच्याच शेजारच्या मागावर उभी राहून शिकली होती. ज्युदित्ताच्या ओळीतल्या सगळ्या बायका एकदम पुढे झुकल्या.

आई, देल्फिनाचे ओठ म्हणत होते, घाबरू नकोस हं. खोटं आहे सगळं. नुसता रंग आहे. मी बरी आहे.

मग उमरावाने तिला दगडी फरशीवर निजवलं आणि मेणबत्ती विझली.

एका बाईने हुंदका शालीत दाबला. "काय झालं? काय म्हणाली?" आर्तुरो विचारत होता. त्याला कुणी सांगितलं नाही.

पडद्यावर बाईसाहेब मुक्यानेच रडत होत्या. त्यांचा पांढरा उजेड ओर्सोलाच्या तोंडावर पडला होता. ती पडद्याला खेटून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते, भराभर, मध्येच थांबून, पुन्हा भराभर. फादरांना वाटलं, प्रार्थना चाललीय. त्यांनी हळूच छातीवर क्रुसाची खूण केली.

ज्युदित्ताने मान खाली घातली. तिच्या शेजारणीनेही. मग ओळीतल्या सगळ्यांनीच. देल्फिनाचं बोलणं त्यांनी वाचलं होतं. तिच्या आईचं उत्तर कुणीच वाचलं नाही.