पाठीतलं इंजेक्शन

कळा सोसवेनात तशी अनुजानं पाठीत द्यायचं भुलीचं इंजेक्शन मागितलं आणि सासूचा आवाज वॉर्डभर घुमला. “सुईबिई काय नको. म्या तीन बाळंतपणं दातावर दात ठेवून काढली.”

अनुजाचा नवरा यशराज, पेठेच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर, खाली बघत पुटपुटला, “आई म्हणती ते खरं हाय. सोस की जरा.”

अनुजानं आलेली कळ ओसरू दिली. “गुडघा दुखू नये म्हणून इंजेक्शन टोचून फायनलला गेलासा, तवा ह्याच आत्तींनी तुमाला दारात ओवाळलं हुतं.”

नर्सच्या हातातला संमतीचा कागद ओढून तिनं स्वतःच सही ठोकली.

“आज माझी फायनल हाय, आत्ती. ओवाळायचं ताट तयार ठेवा.”